गुरे राखणारे खाजगी शिपाई

अमेरिकेत वायोमिंग नावाचे राज्य आहे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी तिथे हजारो गुरं सरकारी माळरानावर मोकळी चरायची. कुंपण कुठेच नव्हते. सगळ्यांची गुरं एकमेकांत मिसळायची. म्हणून प्रत्येक मालक तापल्या लोखंडाने आपल्या गुरांना डाग द्यायचा. डाग बघितला की जनावर कोणाचे ते कळे.

पण नव्या वासराला डाग नसतो. मग ते कोणाचे? भांडणाचे मूळ हेच. कोणी दुसऱ्याच्या वासराला आपला डाग देई, तर कोणी जुना डाग बदली. रान मोठे आणि पोलीस थोडे. म्हणून १८७२ साली मोठ्या मालकांनी संघ काढला. संघाने पगारी शिपाई ठेवले. ते स्टेशनवर गुरांचे डाग तपासत. काहीजण ओळख लपवून गुराख्यांत राहत आणि चोर हुडकत.

१८८४ साली कायदा झाला. बिनडागी वासरू संघाचे! ते विकून शिपायांचे पगार भागवायचे. आता गरिबाने तसल्या वासराला डाग दिला की तो चोर ठरू लागला.

पुढे १८८६-८७ च्या हिवाळ्यात थंडीने पुष्कळ गुरं मेली. मालकांचे नुकसान झाले आणि चोरांवरचा राग वाढला. एप्रिल १८९२ मध्ये सुमारे ५० बंदूकवाले जॉन्सन जिल्ह्यावर चालून गेले. नेट चॅम्पियन नावाचा गुराखी एका खोपटात होता. तो दिवसभर एकटा लढला. शेवटी त्यांनी खोपट पेटवले आणि तो बाहेर पळताच त्याला गोळ्या घातल्या. मग गावोगावचे लोक जमले व त्यांनी बंदूकवाल्यांना वेढले. सरकारी फौजेने त्यांना सोडवून नेले. शिक्षा कोणालाच झाली नाही.

टॉम हॉर्न हाही असाच खाजगी शिपाई. १९०१ साली विली निकेल हा १४ वर्षांचा मुलगा गोळी लागून मेला. आपल्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा! त्या खुनाबद्दल हॉर्नला १९०३ साली फाशी दिली. खून खरंच त्याने केला का, यावर अजून वाद आहे.

पुढे काटेरी तारेची कुंपणं झाली आणि मोकळे रान संपले.

चोर पकडणे चांगलेच. पण ज्याचा पगार एकाच बाजूचे लोक देतात, तो दुसऱ्या बाजूचे ऐकून घेत नाही. म्हणून मला वाटते, राखणदार सगळ्या गावाचा असावा आणि चोर कोण ते कोर्टाने ठरवावे.