‘कंचेभागुबेव’ या सूत्रातील एक उणीव

पदावलीस सरळ रूप देताना क्रियांचा क्रम ध्यानात राहावा म्हणून मराठी शाळांतून ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र पाठ करवून घेतात : कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. सूत्र सुटसुटीत आहे खरे. परंतु ते अक्षरशः पाळणारा विद्यार्थी १० − ४ + ३ येथे प्रथम ४ व ३ यांची बेरीज करतो आणि ३ हे उत्तर काढतो. खरे उत्तर ९ आहे. ही चूक विद्यार्थ्याची म्हणावी काय?

वस्तुतः बेरीज व वजाबाकी या समान दर्जाच्या क्रिया असून त्या डावीकडून उजवीकडे ओळीने करावयाच्या असतात. भागाकार-गुणाकारांचेही तसेच, मात्र तेथे सूत्र फसत नाही. ८ ÷ ४ × ६ ÷ ३ यात दोन्ही भागाकार आधी केले तर २ × २, म्हणजे ४ येतात; ओळीने गेल्यासही ४ च. याचे कारण असे की, भागाकाराचे चिन्ह केवळ आपल्या लगतच्या पुढील संख्येस लागू असते. भागाकार आधी उरकला की त्या संख्येस दुसरी संख्या चिकटण्याचा प्रश्नच उरत नाही. उलट गुणाकार आधी केल्यास ४ × ६ म्हणजे २४ हाच भाजक होऊन बसतो व उत्तर १/९ येते. ‘बेव’ मध्ये नेमके हेच घडते : केवळ ४ वजा करावयाचे असता ७ वजा होतात.

सूत्राच्या शेवटी ‘वबे’ असते, तर उच्चार थोडा अवघड झाला असता, पण हा घोटाळा टळता. अधिक चिन्हाची पदे आधी एकत्र करावीत, म्हणजे १० + ३ − ४ असे मांडावे, हा अर्थ घेतल्यास ‘बेव’ ही निभावते; तो अर्थ मात्र शिक्षकाने वेगळा सांगावा लागतो.