पाळी कुणाची आधी? न्यायाचा एक साधा कस



गळीत हंगाम तोंडावर आला की 'अन्याय' हा शब्द बांधाबांधावर ऐकू येतो. शेजाऱ्याकडे टोळी आली, आपल्याकडे नाही. पाण्याची पाळी चुकली. बोलणारा मनापासून बोलत असतो. पण मग न्याय कोणता, असे विचारले की ज्याचा त्याचा न्याय निराळा निघतो. वीस एकरवाला म्हणतो, आमचा ऊस जास्त, आम्हाला तोड आधी. वीस गुंठेवाला म्हणतो, आमचे सगळे पोटच एवढ्यावर, आधी आमचा न्या. दोघांनाही खोटे म्हणता येत नाही. मग निवाडा करायचा कसा?

याच प्रश्नावर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन रॉल्स यांनी १९७१ साली 'ए थिअरी ऑफ जस्टिस' हा मोठा ग्रंथ लिहिला. त्यातली मुख्य युक्ती शेतकऱ्याला चटकन समजेल अशी आहे. ते म्हणतात, नियम ठरवायला बसणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे 'अज्ञानाचा पडदा' आहे अशी कल्पना करा. आपण श्रीमंत की गरीब, कोणत्या घरात जन्मलेले, अंगी हुशारी किती, हे कुणालाच ठाऊक नाही. अशा वेळी जो नियम सगळे मान्य करतील तो न्याय्य. आपले ताट कोणते हे ठाऊक नसले, की वाढणारा हात आपोआप सरळ राहतो.

रॉल्स बोलत होते ते साऱ्या समाजाच्या रचनेविषयी. पण दाखला म्हणून तोडीची पाळीच घ्या. आपला ऊस आडसाली की खोडवा, रस्त्याकडेला की आत ओढ्यापलीकडे, संचालक आपल्या ओळखीचा की नाही, हे काहीच माहीत नाही असे समजा. मग आपण कोणता नियम मागू? लागणीच्या नोंदीप्रमाणे, ऊस पक्व होईल तशी तोड, आणि यादी सर्वांना दिसेल अशी लावलेली. वशिल्याचा नियम कुणीच मागणार नाही. उन्हाळ्यात ऊस वाळून वजन घटते, तो घाटा आपल्याच वाट्याला आला तर?

रॉल्स यांनी यातून दोन तत्त्वे काढली. पहिले, मूलभूत स्वातंत्र्ये सर्वांना सारखी. दुसरे, कमी-जास्तपणा राहिला तर चालेल, पण दोन अटींवर. वरच्या जागा मिळवण्याची खरीखुरी संधी सर्वांना हवी. आणि त्या कमी-जास्तपणाचा फायदा सर्वांत खालच्यालाही पोचला पाहिजे. म्हणजे सगळ्यांना एकाच मापाने मोजा, असे ते म्हणत नाहीत.

यावर त्यांचेच हार्वर्डमधले सहकारी रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली जोरदार हरकत घेतली. सचोटीने मिळवलेले किंवा राजीखुशीने हाती आलेले ज्याचे त्याचे. वाटणी विषम दिसली म्हणून ती अन्यायाची होत नाही, असे त्यांचे म्हणणे. ज्याने स्वतःच्या पैशाने विहीर खोदली त्याला हे पटेल. हरकत वजनदार आहे. पण विहीर आपण खोदली तरी भूगर्भातले पाणी काही आपण निर्माण केलेले नाही. पेच इथेच आहे.

हा पेच पुरंदर तालुक्यातील नायगावात प्रत्यक्ष सोडवून पाहिला गेला. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे 'पाणी पंचायत' उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी विकता येत नाही. आणि उसाला मनाई! आम्हा ऊसवाल्यांना हे बोचेल. पण उद्या आपण कालव्याच्या शेपटाला, कोरड्या शिवारात जन्मलो असतो, तर याच नियमाला हात वर केला असता की नाही, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

सहकारात या विचाराचे बीज आहेच. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत दिले. परंतु कारखान्याच्या यादीत ज्यांचे नावच नाही त्यांचे काय? बीड, अहिल्यानगरकडून येणारी नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. पहाटेच्या थंडीत ती फडात असते, पोरे खोपीत. त्यांना वार्षिक सभेत मत नाही. पडद्याआडून पाहिले तर ती खोपही आपली असू शकते. तळावर पाणी, दिवा, संडास आणि पोरांना शाळा असावी, ही मागणी मग उपकाराची राहत नाही. तो हिशेबातला भाग होतो.

न्याय सगळा एका दिवसात येत नाही, हे आम्हालाही कळते. पण सभेत हात वर करण्याआधी सभासदांनी एकदा स्वतःला विचारावे: माझा नंबर शेवटचा असता, तरी हा ठराव मला चालला असता का? उत्तर 'नाही' आले, तर हात खाली ठेवावा आणि उभे राहून बोलावे, एवढीच विनंती.