जुन्या सर्व्हरची चिप वाचताना

संगणक सुरू होताच, हार्डडिस्कला हात लावण्याआधी जो प्रोग्रॅम चालतो तो फर्मवेअर. १९८०-९० च्या काळातल्या सर्व्हरांत तो बहुधा ईप्रॉम चिपमध्ये असे. या चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची खिडकी असते. तिच्यातून अतिनील किरण आत गेले की मजकूर पुसला जातो. थेट उन्हात आठवडाभर राहिली तरी चिप कोरी होऊ शकते. म्हणून खिडकीवरचे लेबल सोलू नये. त्यावर पेनाने आवृत्ती किंवा तारीख लिहिलेली असेल, तर चिप विक्रीपूर्व चाचणीतली असण्याची शक्यता बरीच.

आधी बोर्डाचा फोटो घ्यावा: कोणती चिप कुठल्या सॉकेटात, खाच कोणत्या बाजूला. मग चिप अलगद काढून प्रोग्रॅमरमध्ये (चिप वाचण्या-लिहिण्याच्या उपकरणात) बसवावी आणि फक्त ‘रीड’ करावे. २७सी२५६ ही चिप ३२ केबीची फाइल देते. दोन-तीनदा वाचून फाइली ताडून पाहाव्यात. जुळल्या नाहीत तर चिपचे पाय पुसून पुन्हा वाचावे.

खरी गंमत पुढे आहे. १६ बिटांच्या यंत्रात मजकूर अनेकदा दोन चिपांत वाटलेला असतो, एक बाइट हिच्यात, पुढचा तिच्यात. ‘कॉपीराइट’ या इंग्रजी शब्दाची सी, पी, आर, जी, टी ही अक्षरे एकीत सापडतात. ओ, वाय, आय, एच दुसरीत. एकाआड एक बाइट गुंफले की शब्द उभे राहतात. पीसी घराण्यातल्या बायॉस या फर्मवेअरच्या शेवटच्या १६ बाइटांत बहुधा तारीखही असते. मग बाजारात आलेल्या आवृत्तीशी तुलना करावी. जादा चाचण्या, त्रुटीसंदेश, कधीच न विकलेल्या कार्डांची नावे सापडली, तर अभियंत्यांनी काय करून पाहिले आणि काय सोडले ते कळते. माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग हाच.

सगळेच चिपमध्ये मिळेल असे मात्र नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये उभारलेल्या परम ८००० या महासंगणकात इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर हे प्रोसेसर होते. ट्रान्सप्युटर रॉमशिवाय, शेजारच्या प्रोसेसरकडून लिंकवरून आलेल्या बाइटांवरही सुरू होतो. पहिला बाइट १ पेक्षा मोठा असेल तर ती पुढच्या प्रोग्रॅमची लांबी. अशा यंत्राबरोबर टेप आणि फ्लॉपीही जपायला हव्यात.

बीड, परळी, अंबाजोगाईत एखाद्या कार्यालयातून किंवा कॉलेजातून जुना सर्व्हर भंगारात निघत असेल, तर वजनावर देण्याआधी त्यातल्या चिपा एकदा वाचून घ्या.