सर्व्हरवर काय काय बसवलंय?

वसई पूर्वेला, वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत बिलिंगचा लिनक्स सर्व्हर कोपऱ्यात चालू असतो. त्यात काय भरलंय, हे बहुधा बसवून गेलेल्यालाच ठाऊक. मार्च 2024मध्ये फायली लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट सापडली, तेव्हा पहिला प्रश्न हाच होता: आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे? उबुंटू-डेबियनवर 'डीपीकेजी' या आज्ञेला उणे चिन्ह आणि लहान एल जोडला की यादी येते. रेडहॅटच्या घराण्यात हे काम 'आरपीएम'चं. 'डीपीकेजी'च्या यादीत ओळीच्या सुरुवातीला 'आयआय' म्हणजे पॅकेज नीट बसलेलं. 'आरसी' म्हणजे काढलेलं, पण सेटिंगच्या फायली मागे उरलेल्या. कुणी हाताने आणून टाकलेलं सॉफ्टवेअर मात्र या यादीत दिसत नाही, आणि खरी डोकेदुखी तेच.