दुकान घ्याल, गाडी कुठे लावाल?

वीकेण्डला रामलिंगला निघालात की येडशी लागतंच. सोलापूर-छत्रपती संभाजीनगर हायवे, बार्शी-लातूर रस्ता, रेल्वे स्टेशन... धंद्याला बेस्ट लोकेशन! इथे कॅफे काढायचं स्वप्न मीही बघते. पण मंडळी, आधी पार्किंग बघा. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मुंबई वगळून बहुतेक भागांसाठी एकच बांधकाम नियमावली आणली. दुकानांच्या दर १०० चौरस मीटर चटईक्षेत्रामागे २ कार, ६ दुचाकी हा मूळ हिशोब; लहान गावांना सवलत. मात्र नकाशातल्या पार्किंगवर जादा गाळा उभा राहिला, की गिऱ्हाईक हायवेवरच थांबतं आणि अंधारात मागून ट्रक येतो. म्हणून भाडं विचारण्याआधी मी मंजूर नकाशा मागणार. तुम्हीही मागा!