वाढपी ओळखीचा असला म्हणजे…

लग्नाच्या पंगतीत बसताना आपल्याकडे कोणीतरी हमखास म्हणतो, "वाढपी ओळखीचा असला म्हणजे शेवटी बसलं तरी काय बिघडते?" सारे हसतात. मग तो वाढणाऱ्या पोराला नावाने हाक मारतो आणि त्याच्या पानात बुंदीची दुसरी मूठ पडते. शेजारी बसलेला म्हातारा मात्र हसत नाही. त्याच्यापर्यंत पोर येते तेव्हा बुंदीचे टोपले रिकामे झालेले असते.

एकाच पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळे वाढणे याला मराठीत 'पंक्तिप्रपंच' म्हणतात. वशिला, ओळखपाळख, पक्षपात, 'आपला माणूस' हे सारे याच पंक्तिप्रपंचाचे भाऊबंद आहेत. आपल्या वाचकांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या आजा-पणजांना तर पंगतीत बसूच दिले जात नव्हते. पंगत उठल्यावर उरलेसुरले टोपल्यात पडेल तोच त्यांचा वाटा होता. पंक्तिप्रपंचाची चीड आपल्याइतकी कोणाला असणार?

परंतु बंधू-भगिनींनो, आज प्रश्न निराळा विचारायचा आहे. कधी ना कधी, थोडीफार का होईना, वाढायची पळी आपल्याही हातात येते. त्या वेळी आपण काय करतो?

गाड्यांची रांग

राळेगाव हा यवतमाळ जिल्ह्यातला कापसाचा तालुका. येथील पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला एकाधिकार खरेदीचे दिवस आठवत असतील. १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्रात सरकारने कापूस खरेदीची मक्तेदारी स्वतःकडे घेतली. व्यापाऱ्याच्या लुटीतून शेतकरी सुटावा हा त्यामागचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. पण खरेदी केंद्राच्या फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची. कापसावर निजून रात्र काढावी लागायची. गाडीचा नंबर केव्हा लागेल आणि ग्रेडर कापूस हातात घेऊन कोणती प्रत सांगेल, या दोन गोष्टींवर त्या घराचे वर्ष अवलंबून असायचे.

कायद्यात सर्वांसाठी भाव एकच होता. पण ज्याची फाटकावर ओळख, त्याची गाडी पुढे सरकते, हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक असे. दोन-तीन एकरांचा धनी असलेला आपला माणूस मागेच राही. बैलांचा चारा संपला की घायकुतीला येऊन तो मिळेल त्या भावात माल देऊन टाकी. नव्या शतकाच्या सुरुवातीला ही मक्तेदारी संपली, पण त्या रांगेने शिकवलेला धडा जुना झालेला नाही. योजना कितीही चांगली असो, वाटणाऱ्याच्या हाताला नियमाचे बंधन नसेल तर ती ओळखीच्याच पानात पडते.

यादीत नाव

आज ती रांग याद्यांची झाली आहे. २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात १३ प्रश्न होते. प्रत्येकाला शून्य ते चार असे एकूण ५२ गुण आणि ज्याचे गुण कमी तो अधिक गरीब. कागदावर हिशेब चोख होता. तरीही माडीवाल्याचे नाव यादीत आणि कुडाच्या घरातली विधवा यादीबाहेर, अशा तक्रारी गावोगाव झाल्या. गुण कागदावर असले तरी ते भरणारा हात माणसाचाच होता. पुढे २०११ ची सामाजिक-आर्थिक जातगणना आली, मग घरकुलाची 'ड' यादी आली. प्रत्येक वेळी पोर विचारते, "बाबा, आपलं नाव काऊन नाई लागलं?" आणि बाप म्हणतो, "आपला कोणी वयखीचा नाई ना रे पोरा."

हे उत्तर फार घातक आहे. त्यातून पोर काय शिकते? हक्क नावाची काही चीज नसते, ओळख तेवढी खरी, हेच. मोठे झाल्यावर ते हक्क शोधत नाही, ओळख शोधते. आणि ओळख सापडली की त्याचीही तक्रार संपते.

हा रोग खेड्यातल्या यादीपुरता नाही. १९८६ मध्ये महाराष्ट्राने तो राज्याच्या माथ्यावर पाहिला. मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या कन्येच्या एम.डी. परीक्षेतील गुणांत फेरफार झाल्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्याच परीक्षेला बसलेल्या एका डॉक्टरने दाद मागितली होती. न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. एका परीक्षार्थ्याच्या अर्जाने मुख्यमंत्र्याची खुर्ची हलते, हे संविधानाच्या राज्यातच घडू शकते. तो डॉक्टर ओळख शोधत बसला नाही, त्याने नियमाचा आधार घेतला, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

"तुमचं आरक्षण म्हणजे वशिलाच की!"

वशिल्याविरुद्ध बोलू लागलो की कारखान्यात, कचेरीत आपल्याला हा टोमणा ऐकावा लागतो. त्याचे उत्तर प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे.

कोल्हापूर संस्थानात १८९४ मध्ये, शाहू महाराज गादीवर आले तेव्हा, सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे लोक होते. त्या जागा कोणत्या कायद्याने राखून ठेवल्या होत्या? कोणत्याच नाही. घरचा माणूस घरच्या माणसाला ओढत गेला आणि त्यालाच गुणवत्ता हे नाव मिळाले. म्हणून २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. हा हुकूम उघड होता, छापलेला होता आणि कोणालाही वाचता येत होता.

फरक इथेच आहे. वशिला कानात सांगतात, आरक्षण राजपत्रात छापतात. वशिला एका माणसापुरता असतो, आरक्षण त्या स्थितीतल्या साऱ्यांना लागू होते. वशिल्याला जाब विचारता येत नाही, आरक्षणाला न्यायालयात आव्हान देता येते आणि ते पुनःपुन्हा दिलेही गेले आहे. ज्या संविधानाच्या १६ व्या कलमात मागासवर्गासाठी जागा राखण्याची तरतूद आहे, त्याच कलमात सरकारी नोकरीत वंशावरून भेदभाव करू नये असेही लिहिले आहे. अमक्याचा पुतण्या म्हणून नोकरी, हे त्या कलमाला मान्य नाही. तेव्हा आरक्षण हा पंक्तिप्रपंच नव्हे. ज्यांना पंगतीतून उठवले होते त्यांना पुन्हा पंगतीत बसवण्याचा तो नियम आहे.

पण हे उत्तर ताठ मानेने द्यायचे असेल तर आपले हात स्वच्छ हवेत. राखीव जागेवर पोहोचलेला आपला साहेब केवळ आपल्याच नातलगाची फाईल पुढे सरकवत असेल, किंवा जयंतीच्या समितीत वर्गणी सर्वांची आणि मान मात्र चार घरांचा, असे होत असेल, तर टोमणा मारणाऱ्याला आपणच शब्द पुरवत आहोत. राळेगाव तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. पंगतीच्या अगदी शेवटी बसलेला तो समाज आहे. आपल्या वस्तीचा माणूस पंचायतीत निवडून गेला आणि पोडावरचा माणूस यादीबाहेरच राहिला, तर आपण पंगत बदलली नाही, फक्त वाढपी बदलला.

भगवंतांच्या संघातला वाढपी

अन्न वाटणाऱ्याचा हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्षुसंघातही उभा राहिला होता. भिक्षूंना निवास आणि भोजन नेमून देणारा भिक्षू कसा असावा, हे विनयपिटकात सांगितले आहे. त्याच्या अंगी पाच गोष्टी हव्यात. तो आवडीने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वाकडा जाणारा नसावा. आणि पाचवी गोष्ट अगदी व्यवहाराची : कोणाला दिले आणि कोणाला द्यायचे राहिले, हे त्याला ठाऊक असावे. म्हणजे चांगल्या मनाबरोबर चोख हिशेबही हवा. याच चार वाकड्या वाटांना 'अगती' म्हणतात. राजगृहाच्या सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला उपदेश करताना भगवंतांनी त्याच चार सांगितल्या. म्हणजे त्या केवळ चीवरधाऱ्यांसाठी नाहीत, तुम्हा-आम्हा संसारी माणसांसाठीही आहेत.

राजगृहाला हे वाटपाचे काम दब्ब मल्लपुत्त नावाच्या भिक्षूकडे होते. एके दिवशी मेत्तिय आणि भुम्मजक या भिक्षूंची पाळी एका दानशूर गृहस्थाच्या घरी आली. ती दब्बाने क्रमानेच नेमली होती. पण हे दोघे येणार हे गृहस्थाला रुचले नाही. त्याने दासीकरवी त्यांना ओसरीवरच कण्यांचा भात आणि आंबट पेज वाढायला सांगितले. त्या दोघांना वाटले, हा दब्बाचाच डाव आहे. रागाच्या भरात त्यांनी त्याच्यावर खोटा आळ आणविला. भगवंतांनी दब्बाची बाजू आवडीपोटी घेतली नाही. संघ जमवला, सर्वांसमोर दब्बाला विचारले आणि चौकशी करायला लावली. चौकशीत आळ खोटा ठरला.

या गोष्टीत दोन्ही बाजूंना शिकवण आहे. वाटणाऱ्याने क्रम सोडू नये. आणि आपल्या पानात कण्या पडल्या म्हणून वाटणाऱ्याने पक्षपात केलाच, असे चौकशीवाचून म्हणू नये. आपला नंबर लागला नाही की "पैसे खाल्ले" म्हणून मोकळे होणे सोपे असते. यादी मागून ती वाचणे कष्टाचे असते, पण खरे काम तेच आहे.

आता घरातली पंगत

माय रात्री भाकरी वाढते. तव्यावरची गरम भाकर पोराच्या ताटात जाते, सकाळची पोरीच्या. दूध असेल तर, "तो शाळेत जाते ना," म्हणून त्याला. पोरगीही शाळेतच जाते. त्या माउलीच्या मनात द्वेष नसतो, आवडच असते. म्हणून तर चार अगतींत आवड पहिली आली आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे शेजारच्या पोराबाबत म्हटले जाते. पण एकाच आईच्या पोटची पोरगी घरातच 'दुसऱ्याची' ठरते, तिला काय म्हणावे?

ताटातला हा भेद पुढे सातबाऱ्यावर उतरतो. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, ते लेकीबाळींच्या हक्कासाठीही होते. १९५६ चा वारसा कायदा आपल्या बौद्ध समाजालाही लागू आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. तरीही बाप गेल्यावर बहिणीला माहेरी बोलावतात, लुगडे नेसवतात आणि हक्कसोड पत्रावर तिची सही घेतात. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते आणि तिच्याखालीच ही सही होते. रांगेत आपली गाडी मागे राहिली तेव्हा जे आपल्याला झोंबले, तेच त्या बहिणीला झोंबत नसेल काय?

काय करता येईल?

ग्रामसभेला जा, आणि घरातल्या बायांना सोबत न्या. १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यांत जे कमी असेल तेवढ्यावर सभा भरते. तेवढी माणसे तर एका वस्तीतून निघतील. लाभार्थ्यांची यादी सभेत मोठ्याने वाचायला लावा. नाव का गळले हे तोंडी विचारून थांबू नका. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते दहा रुपयेही पडत नाहीत. विहाराच्या, जयंतीच्या, बचत गटाच्या पैशांचा जमाखर्च फळ्यावर लिहा. प्रामाणिक माणसालाही त्या फळ्याचे संरक्षण असते, दब्बाला संघाच्या चौकशीचे होते तसे.

आणि आज रात्री जेवायला बसाल तेव्हा एवढेच करा. गरम भाकर कोणाच्या ताटात गेली ते बघा. उद्या ती दुसऱ्या ताटात जाऊ द्या. जी पोरगी घरात आपला वाटा मोजायला शिकेल, ती उद्या कचेरीत यादी मागताना बिचकणार नाही. आणि जो पोरगा गरम भाकर बहिणीकडे सरकवायला शिकेल, त्याच्या हाती पळी आली तर पंगतीतल्या शेवटच्या म्हाताऱ्याच्या पानातही बुंदी पडेल.