जिवाणू देतील का खबर?

मुलांनो, 'कर्करोग' या शब्दातील 'कर्क' म्हणजे खेकडा. गंमत पाहा, उर्दूतील 'सरतान' या शब्दाचा मूळ अर्थही खेकडाच! हा खेकडा ज्या अवयवांत अगदी गुपचूप शिरतो, त्यांपैकी एक म्हणजे स्वादुपिंड. उर्दूत त्याला 'लबलबा' म्हणतात.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पोटात खोलवर असते. त्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर असते. अन्न पचवणारा रस आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन ते तयार करते. तेथे लहानशी गाठ झाली, तर ती हाताला लागत नाही. सुरुवातीला बहुधा दुखतही नाही. पुढे कावीळ होते, वजन घटते, तेव्हा माणूस डॉक्टरांकडे जातो. पण तोपर्यंत बहुतेकांचा रोग इतका पसरलेला असतो, की शस्त्रक्रिया करता येत नाही.

मग आधी खबर कोण देणार? आपल्या आतड्यांत असंख्य जिवाणू राहतात. शौचावाटे ते बाहेरही पडतात. स्पेन व जर्मनीतील शास्त्रज्ञांनी रोग्यांच्या आणि रोग नसलेल्या माणसांच्या विष्ठेचे नमुने तपासले. (नाक मुरडू नका. डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते!) त्यांनी जिवाणूंचा डीएनए वाचला आणि संगणकाच्या मदतीने तुलना केली. हे संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. जिवाणूंच्या २७ जातींच्या प्रमाणावरून बरेचसे रोगी ओळखता आले. एरवी तोंडात राहणारे काही जिवाणू रोग्यांच्या विष्ठेत जास्त सापडले, तर आतड्यातील काही उपयोगी जिवाणू कमी झाले होते. विशेष म्हणजे, रोग नुकताच सुरू झालेला असो वा वाढलेला, ओळख जवळजवळ सारखीच पटली. लाळेच्या नमुन्यांतून मात्र असा उलगडा झाला नाही.

तर मग सर्वांचीच तपासणी का करू नये? थोडे गणित करू. समजा, एखादी चाचणी १०० निरोगी माणसांपैकी १० जणांना चुकून रोगी ठरवते. मग १०,००० निरोगी माणसांपैकी १,००० जण विनाकारण घाबरतील! हा रोग तसा विरळा आहे. एवढ्या लोकांत खरे रोगी एक-दोनच निघतील. म्हणून शास्त्रज्ञांनी या तपासणीला रक्ताच्या एका जुन्या चाचणीची जोड देऊन पाहिली, तेव्हा अंदाज अधिक अचूक आला. ज्यांच्या घराण्यात हा रोग झालेला आहे, किंवा ज्यांच्या स्वादुपिंडाला वर्षानुवर्षे सूज आहे, अशांना या तपासणीचा सर्वांत आधी उपयोग होऊ शकेल.